हृदयरुग्णाच्या घरातील हसू

अँजिओप्लास्टी होऊन घरातील कर्ते गृहस्थ परततात आणि घराचा सूरच बदलतो. पेढीवरचा हिशेब त्यांच्यापासून दडवला जातो, सूनबाई दबक्या पावलांनी वावरतात, नातवाला मोठ्याने हसू दिले जात नाही. ही शांतता काळजीपोटीच असते. रुग्णाला मात्र ती ‘आपले आता काही खरे नाही’ असेच सुचवीत राहते.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाचे हृदयरोगतज्ज्ञ मायकेल मिलर यांनी २००० साली ३०० व्यक्तींची पाहणी मांडली. त्यांतील निम्मे हृदयविकाराचे रुग्ण होते. नित्याच्या गमतीच्या प्रसंगांत हसण्याची शक्यता या रुग्णांमध्ये निरोगी लोकांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी आढळली. हसू आटल्याने आजार आला की आजाराने हसू आटले, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. विनोद गोळ्यांची जागा घेत नाही, हे तर उघडच आहे.

जैन वाचकाच्या मनात येथे शंका उठेल. हास्य ही नऊ नोकषायांपैकी एक. तत्त्वार्थसूत्रात सत्यव्रताच्या भावनांमध्ये हास्याचा त्याग सांगितला आहे. थट्टेच्या भरात असत्य सहज बोलले जाते आणि समोरच्याचे मनही दुखावते. गृहस्थाला यातूनच निकष मिळतो. रुग्णाच्या पोटावरून, पथ्यावरून चारचौघांत केलेली कोटी ही वाणीची हिंसाच होय. ‘गंमत केली’ या सबबीने ती धुतली जात नाही. जोडीदाराने एकांतात, भीतीचे ओझे अर्धे आपल्या खांद्यावर घेत केलेला विनोद निराळा.

एका कापड व्यापाऱ्याच्या घरी चौविहाराची वेळ झाली होती. (रात्रीची गोळी सूर्यास्तापूर्वी घ्यायची झाल्यास वेळ डॉक्टरांना विचारून बदलावी, परस्पर गाळू नये.) गोळी हातात घेऊन ते पुटपुटले, “माझा आता काय भरवसा?”

पत्नीने पाण्याचा पेला पुढे केला. “भरवसा नाही कसा? खेडेगावच्या गिऱ्हाइकांकडे एवढी उधारी पडली आहे. ती वसूल झाल्याखेरीज तुम्हाला कोठे जाता येणार?”

तीन आठवड्यांत प्रथमच ते हसले. मग त्यांनी खातेवही मागितली. मुलाने आईकडे पाहिले, आणि मुकाट्याने ती आणून दिली.