विडंग : ग्रंथातील आणि बरणीतील

तान्ह्या बाळासाठी उकळावयाच्या पाण्यात वावडिंगाचे चार दाणे टाकण्याची रीत महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. इतक्या परिचित द्रव्याविषयी वैद्यवर्गापुढे नव्याने काय लिहावयाचे, असा प्रश्न सुज्ञ वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. तथापि आमच्याच चिकित्सालयात घडलेल्या एका प्रसंगाने आम्हांस हा लेख लिहिण्यास भाग पाडले.

काही वर्षांपूर्वी सूत्रकृमींनी त्रस्त झालेल्या एका सात वर्षांच्या मुलास आम्ही विडंगचूर्ण मधातून दिले. पथ्य सांगितले, कोष्ठशुद्धी केली. पंधरा दिवसांनी तक्रार तशीच. पुन्हा तोच उपक्रम केला, पुन्हा तेच फळ. तेव्हा मुलासोबत आलेल्या आजीबाई म्हणाल्या, "वैद्यबुवा, आमच्या वेळी वावडिंगानं जंत पडायचे. आता जंत बदलले, का वावडिंग बदललं?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु त्या रात्री, ज्या पोत्यातील माल दळून चूर्ण केले होते त्याच पोत्यातील मूठभर फळे कागदावर ओतली आणि एकेक नखाने फोडून पाहिली. विडंगाच्या फळात बीज एकच असते. आमच्या हाती आलेल्या बहुतेक फळांतून मात्र मोहरीहूनही बारीक अशी पुष्कळ बीजे सांडली. ते विडंग नव्हतेच!

केवळ एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. सूत्रकृमींचा उपसर्ग घरातील इतरांकडून पुनःपुन्हा होतो आणि अपयशाचे तेही कारण असू शकते. पण आम्ही ज्याला विडंग म्हणून देत होतो ते विडंग नव्हते, ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही. व्यापाऱ्याने फसविले असे म्हणणे सोपे होते. परंतु पोते आमच्या दारात उतरले, पैसे आम्ही मोजले आणि एकही फळ फोडून न पाहता ते चक्कीवर आम्हीच पाठविले. दोष प्रथम आमचा.

शास्त्रातील स्थान

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या 25 व्या अध्यायात अग्र्य द्रव्ये सांगताना कृमिघ्नांमध्ये विडंगास अग्रस्थान दिले आहे. सुश्रुताचार्यांनी विडंगतंडुलांचा ज्येष्ठमधासह रसायन म्हणून प्रयोग वर्णिला आहे. कटू रस, लघु-रूक्ष-तीक्ष्ण गुण, उष्ण वीर्य व कटू विपाक असे हे द्रव्य दीपन, अनुलोमन व कृमिहर आहे. विडंग, मुस्ता व चित्रक यांच्या त्रिमदाशिवाय नवायस लोह होत नाही. विडंगारिष्ट, विडंगादि लोह व कृमिमुद्गर रस हे कल्प तर कृमिरोगाचेच. परंतु चंद्रप्रभा वटी, योगराज गुग्गुळ, पुनर्नवा मंडूर आणि अविपत्तिकर चूर्ण यांतही विडंग आहे. म्हणजे विडंगाची बरणी चुकली तर केवळ जंताचे औषध चुकत नाही. औषधालयातील अर्धे कपाट संशयास्पद होते.

रसायनशास्त्र काय सांगते

विडंग म्हणजे एम्बेलिया राइब्स. झाडांच्या आधाराने चढणारे हे मोठे झुडूप सह्याद्रीच्या दमट रानांत, तसेच हिमालयाच्या पायथ्यापासून आसामपर्यंत व श्रीलंकेत आढळते. त्याच्या फळातील प्रमुख घटक एम्बेलिन. हा बेंझोक्विनोन वर्गातील सोनेरी-नारिंगी स्फटिकरूप पदार्थ असून त्याच्या कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट आणि 11 कार्बन अणूंची लांब साखळी असते. या साखळीमुळे तो पाण्यात विरघळत नाही. ईथर, मद्यार्क व स्नेह यांत विरघळतो. क्षाराच्या सान्निध्यात मात्र त्याचे जांभळ्या रंगाचे लवण बनते.

या साध्या गुणधर्मात वैद्याने विचार करावा असे पुष्कळ आहे. प्राचीनांनी कृमिरोगात विडंगाचे चूर्णच मधासह चाटविले, तक्रासह दिले आणि यूका-लिक्षांसाठी विडंगाने तेल सिद्ध केले. एम्बेलिन पाण्यात उतरत नसेल, तर केवळ काढ्यावर भिस्त ठेवून चूर्णाचे फळ अपेक्षिणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतो. अर्थात विडंगाचे सर्व कार्य एकट्या एम्बेलिनमुळे होते असेही मानू नये. द्रव्य म्हणजे त्यातील एक रेणू नव्हे.

एम्बेलिन निरुपद्रवी आहे, असाही समज नसावा. पिप्पली, विडंग व टंकण यांचा गर्भनिरोधक योग आपल्या ग्रंथांत आहेच. प्राण्यांवरील प्रयोगांत एम्बेलिनचा गर्भस्थापनेवर व शुक्रोत्पत्तीवर परिणाम दिसून आला आहे. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोंबडीच्या पिलांच्या दृष्टिपटलावर विडंगाचे दुष्परिणाम नोंदविले गेले. 2004 साली कर्कपेशींना मरणापासून वाचविणाऱ्या एका प्रथिनास एम्बेलिन अटकाव करते असे आढळले आणि जगभरच्या प्रयोगशाळांचे लक्ष या रेणूकडे वळले. यावरून विडंगाने कर्करोग बरा होतो अशी जाहिरात करणे जितके अनुचित, तितकेच गर्भिणीस व अपत्यार्थी दांपत्यास ते निष्काळजीपणे देणेही अनुचित होय.

बाजारातील वावडिंग

एके काळी मिरीत भेसळ करण्यासाठी वावडिंग वापरीत. आज वावडिंगातच भेसळ होते! या नावाखाली बाजारात येणाऱ्या मालात तीन फळे विशेषकरून आढळतात : विडंगाचीच सगोत्र एम्बेलिया त्सेरियम-कोट्टम, उत्तरेकडील मिर्सिने आफ्रिकाना आणि सह्याद्रीत विपुल असणारी आटकी म्हणजे मेसा इंडिका. जंगलातून माल गोळा करणारा मजूर, गावचा अडत्या, शहरातील घाऊक व्यापारी आणि आपण, या साखळीत प्रत्येक जण 'वावडिंग' एवढाच शब्द उच्चारतो. खरे झुडूप विरळ झाले, त्याच्या बीजांची उगवण कमी आणि मागणी वाढती. जी फळे सहज मिळतात ती पोत्यात जाणारच.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अभावी प्रतिनिधी द्रव्य घेणे आपल्या शास्त्रास मान्य आहे. भावप्रकाशात त्याची यादीच आहे. पण प्रतिनिधी द्रव्य वैद्य जाणून, गुणकर्मांचा विचार करून योजतो. न सांगता पोत्यात आलेले द्रव्य हा प्रतिनिधी नव्हे, ती फसवणूक होय. मूळ शब्द एकच ठेवून वस्तू बदलणाऱ्यास शास्त्राचा आधार घेता येणार नाही.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट : चूर्ण विकत घेऊ नये, अख्खे फळ घ्यावे. खरे विडंग 2 ते 4 मिलिमीटर व्यासाचे, गोल, तांबूस-काळसर, पृष्ठभागी बारीक खडबडीत आणि टोकाशी चोचीसारखा अवशेष असलेले असते. फळावर उभ्या रेघा ठळक असतील तर ते सगोत्र जातीचे असण्याचा संभव अधिक. फोडल्यावर आत एकच बीज, पातळ पापुद्र्याने वेढलेले आणि तांबूस पृष्ठावर पांढरट ठिपके असलेले दिसावे. 'चित्रतंडुला' हा पर्याय आचार्यांनी उगाच दिलेला नाही. पुष्कळ बारीक बीजे निघाली तर ती आटकी समजावी. या परीक्षेस नखाखेरीज साधन लागत नाही.

दुसरी गोष्ट : 1 ग्रॅम चूर्ण 20 मिलिलिटर ईथरमध्ये पाच मिनिटे हलवून गाळावे आणि गाळलेल्या द्रावात विरल अमोनियाचे दोन थेंब टाकावेत. निळसर जांभळा साका बसला तर एम्बेलिन आहे. ईथर अत्यंत ज्वलनशील असल्याने जवळ दिवा वा शेगडी नसावी. मात्र ही परीक्षा एम्बेलिनची आहे, जातीची नव्हे. एम्बेलिन असलेले सगोत्र फळही तोच रंग दाखविते. म्हणून डोळ्यांची परीक्षा आधी, रसायनाची नंतर, आणि मोठी खरेदी असल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल, हा क्रम पाळावा.

तिसरी गोष्ट फार्मसीचालक बंधूंसाठी. परिशिष्ट 'टी' सन 2000 मध्ये आले, तेव्हापासून कच्च्या मालाची ओळख पटविणे हे निर्मात्याचे कर्तव्यच आहे. परंतु फाइलमधील कागद आणि गोदामातील पोते यांची गाठ पडत नसेल तर त्या कागदाचा उपयोग काय? प्रत्येक खेपेचा नमुना बाटलीत जपावा, पावतीवर 'वावडिंग' एवढेच न लिहिता शास्त्रीय नाव लिहून मागावे आणि खऱ्या मालास अधिक दर द्यावा. सर्वांत स्वस्त दराची निविदा स्वीकारून शुद्धतेची अपेक्षा करणे ही आत्मवंचना आहे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने लागवडीसाठी अग्रक्रम दिलेल्या वनस्पतींत विडंग आहे. चार फार्मसींनी एकत्र येऊन शेतकऱ्यास खरेदीची लेखी हमी दिली, तर लागवडीस कोणी पुढे येईल. एरवी रान ओरबाडणेच चालू राहील.

हे सारे श्रम कशासाठी, असे कोणी विचारील. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी 1 ते 19 वर्षांच्या मुलांस अल्बेंडाझोलची गोळी विनामूल्य दिली जाते. ती सोय चांगलीच आहे आणि तिच्याशी आमचे भांडण नाही. परंतु ज्या कुटुंबाने आयुर्वेदावर विश्वास ठेवून आपल्या दाराशी मूल आणले, त्यास आपण काय देतो? विडंग देऊन गुण आला नाही, तर विचार चिकित्सेचा करता येईल. विडंग न देताच अपयश आले, तर दोष चरकाचार्यांच्या माथी जातो आणि तो सहन करण्यास ते येथे नाहीत.

त्या मुलास पुढे आम्ही निवडलेले विडंग दिले, घरातील सर्वांस एकाच वेळी औषध दिले, नखे कापण्यास व अंथरुणे धुण्यास सांगितले. मूल बरे झाले. त्यातील किती श्रेय विडंगाचे आणि किती स्वच्छतेचे, हे आम्ही सांगू शकत नाही. आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही त्यांना प्रामाणिकपणे दिले : जंत बदलले नाहीत, वावडिंग बदलले होते, आणि ते आम्ही पाहिले नव्हते. हा अंक हाती पडताच प्रत्येक वैद्यबंधू-भगिनीने आपल्या बरणीतील दहा फळे फोडून पाहावीत, एवढीच आमची विनंती आहे.