रुमालाखालचा भाव

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीचा गुरुवारचा बाजार. पोळा तोंडावर आला की इथे बैलांची गर्दी वाढते. घेणारा दात पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून बघतो. मग हातांवर रुमाल पडतो आणि त्याखाली बोटांनी भाव ठरतो. ऐन सणाला दावणीची जोडी विकायला का काढली, हे मात्र विकणाऱ्याला कोणी विचारत नाही.

10 सप्टेंबर हा आत्महत्या प्रतिबंध दिन 2003 पासून जगभर पाळला जातो. आपल्याकडे तो पोळ्याच्या आगेमागेच येतो. मराठवाड्याने तो या न विचारलेल्या प्रश्नासाठी पाळावा.

कारण आपण विचारतो, पण शेतकऱ्याने जीव दिल्यानंतर. सातबारा कोणाच्या नावे? कर्ज बँकेचे की सावकाराचे? तगादा होता का? त्यावरून सरकारी मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरते. पात्र कुटुंबाला 1 लाख रुपये मिळतात. कागदाला एक कारण पुरते, माणूस मात्र एका कारणाने खचत नाही. बुडालेल्या हंगामावर लेकीच्या लग्नाचे देणे, त्यावर दुखणे, दारू, भाऊबंदकी आणि चारचौघांत तोंड दाखवायची लाज असे थर चढत जातात. 2022 मध्ये महाराष्ट्रात 22,746 आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सर्वाधिक. देशभरच्या नोंदींत सर्वांत मोठे कारण होते कौटुंबिक अडचणी.

‘जीव द्यायचे मनात येते का?’ असे थेट विचारले तर तो विचार बळावेल, ही भीती खोटी आहे. उलट, कोंडलेल्याला हायसे वाटते. मग उपदेश नको, ऐकावे. एकटे सोडू नये. फवारणीचे औषध कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे ठेवावी. तो टोकाचा क्षण बहुधा ओसरतो. तेवढा वेळ मिळवून देणे म्हणजेच प्रतिबंध. श्रीलंकेत जहाल कीटकनाशकांवर बंदी आल्यावर आत्महत्या निम्म्याहून खाली आल्या, त्या याच कारणाने. 2017 चा मानसिक आरोग्य कायदाही प्रयत्नातून वाचलेल्याला गुन्हेगार नव्हे, तर तीव्र ताणाखालचा माणूस मानतो आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो. ‘टेलि-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

दिवस कलताना मोकळे दावे हातात घेऊन कोणी गावच्या गाडीची वाट पाहत असेल. शेजारी बसणारा विचारील, ‘केवढ्याला गेली जोडी?’ तिथेच थांबू नये. ‘आणि तुमचं कसं चाललंय?’ हेही विचारावे, आणि उत्तर पुरे होईपर्यंत, एक गाडी चुकली तरी चुकू द्यावी.