मोर्तबावाचून दफ्तर

दफ्तर लिहून पुरे झाले असे नेमके केव्हा म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो; परंतु ज्या मुलखाने एका माणसाच्या आयुष्याएवढ्या अवधीत राज्य बदललेले पाहिले, दफ्तराची भाषा बदललेली पाहिली, जिल्हा दुभंगलेला आणि पुढे त्याचे नावही पालटलेले पाहिले, आणि ज्यातील कित्येक गावांची घरे, माणसे व कागद एकाच पहाटे मातीखाली गेले, त्या मुलखातील रयतेच्या दृष्टीने हा प्रश्न तिच्या हक्काचा आहे. मी म्हणतो तो मुलूख म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुका, आणि त्यातही तेरणेकाठची माकणी, जिथे निम्न तेरणा प्रकल्पाचा जलाशय आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपात या टापूतील सास्तूर आणि पलीकडे औसा तालुक्यातील किल्लारी अशी गावे उद्ध्वस्त झाली, दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचे ओझे यांखाली साडेसात हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि ५२ गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. घर कोणाचे, जमीन कोणाची, वारस कोण, हे ठरवावयाची वेळ आली, तेव्हा ज्याच्या घरातला कागद गेला त्याला कचेरीतल्या कागदावाचून दुसरा आधार उरला नव्हता.

या कचेरीतल्या कागदाचा इतिहासही साधा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, तेव्हा महसुली दफ्तर उर्दूत आणि जुन्या नोंदी पुष्कळ ठिकाणी मोडीत. त्यावर फसली साल. पुढे १९५१ चे राष्ट्रीय रजिस्टर झाले, १९५४-५५ चे खासरा पत्रक झाले, १९५६ मध्ये हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. त्याच २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातील अभिलेख कक्षांतले रुमाल पुन्हा सोडले गेले, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला, आणि कित्येक वर्षे ज्याकडे कोणी पाहिले नव्हते त्या कागदांची चित्रे घेण्याचे काम निकडीचे ठरले. या निकडीबद्दल राजकारणात मतभेद असतील, आहेत. कागद जपून ठेवण्याबद्दल मतभेदास जागा नाही.

येथून पुढे प्रश्न यंत्राचा होतो. हजारो पानांची चित्रे सुटी ठेवणे सोयीचे नसते. ती एकत्र बांधावी लागतात, आणि अशा बांधणीचा सर्वांत रूढ प्रकार म्हणजे झिप. अमेरिकेतील फिल कॅट्झ यांनी ही रचना १९८९ मध्ये प्रचारात आणली. सन मायक्रोसिस्टिम्सच्या जावा भाषेने १९९७ च्या १.१ आवृत्तीपासून ती आपल्या मूळ संग्रहात सामावून घेतली, आणि तेव्हापासून जावात हे काम ‘झिपआउटपुटस्ट्रीम’ या वर्गाकडे आहे. त्याची रीत अशी, की लेखनाचा प्रवाह एकाच दिशेने पुढे पुढे वाहतो. एकदा सोडलेला बाइट मागे घेता येत नाही, मागल्या ओळीत दुरुस्ती करता येत नाही. ‘पुटनेक्स्टएन्ट्री’ या आज्ञेने नव्या नोंदीचे शीर्षक पाडावयाचे, ‘राइट’ने मजकूर ओतावयाचा, ‘क्लोजएन्ट्री’ने ती नोंद मिटवावयाची आणि पुढल्या कागदाकडे वळावयाचे. मजकूर वाटेतच आकुंचित होत असल्यामुळे तो अखेर किती बाइटांचा भरेल हे शीर्षक लिहिताना ठाऊक नसते. म्हणून शीर्षकात आकाराच्या जागी शून्य ठेवून तशी एक खूण करतात, आणि खरा आकार व पडताळ्याचा ३२ बिटांचा अंक मजकूर संपल्यावर त्याच्या पायाशी लिहितात. या रीतीचा लाभ मोठा आहे. सगळा गठ्ठा एकाच वेळी स्मृतीत धरून ठेवावा लागत नाही. एक पान आले, लिहिले, पुढे गेले. आणि तालुक्याच्या कचेरीतील साधारण कुवतीचा संगणकही आपल्या स्मृतीहून कितीतरी पट मोठा गठ्ठा बांधू शकतो.

परंतु या लाभाचे मोल शेवटी चुकवावे लागते. सर्व नोंदी लिहून झाल्यावर, आणि त्यानंतरच, त्या गठ्ठ्याची फेरिस्त लिहिली जाते: कोणत्या नावाची नोंद, किती आकाराची, आरंभापासून कितव्या बाइटावर. फेरिस्तीच्याही शेवटी किमान २२ बाइटांचा एक लहान लेख असतो, आणि फेरिस्त कोठे सुरू होते व तीत नोंदी किती आहेत हे तो सांगतो. गठ्ठा उघडणारी बहुतेक साधने आधी हाच लेख शोधतात, त्यावरून फेरिस्तीकडे जातात आणि फेरिस्तीवरून हव्या त्या पानाकडे. जावात ही फेरिस्त ‘फिनिश’ किंवा ‘क्लोज’ या आज्ञेने लिहिली जाते. ती आज्ञा द्यावयाची राहिली, वीज गेली, तबकडीवर जागा संपली, तर हजारो पानांचा मजकूर जागच्या जागी असूनही तो गठ्ठा उघडत नाही.

आपल्या पूर्वीच्या दफ्तरदारांना ही गोष्ट पूर्णपणे समजलेली होती. शिवकालीन पत्राच्या मस्तकी मुख्य मुद्रा असे, परंतु पत्र संपले तेथे ‘मर्यादेयं विराजते’ अशी स्वतंत्र मोर्तबाची मुद्रा उठविली जाई. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही जोडले तर ते आमचे नव्हे आणि यापूर्वीचे काही फाटले तर ते कळेल, एवढा अर्थ त्या दोन शब्दांच्या ठशात होता. पेशवाईनंतर पुण्याच्या दफ्तरात जे रुमाल जमा झाले, त्यांतून गो. स. सरदेसाई यांना १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तराचे ४५ खंड संपादून काढता आले. अशा कामात संशोधकाच्या विद्वत्तेइतकीच, रुमालात काय आहे हे सांगणाऱ्या यादीचीही गरज पडते. यादी नसलेला रुमाल जळालेला नसतो, एवढाच त्याचा विशेष. वाचकाच्या हाताला तो लागत नाही.

येथे जाणते प्रोग्रामर म्हणतील, की ही काळजी आता जुनी झाली. २०११ च्या जावा ७ पासून अशी वाक्यरचना उपलब्ध आहे की ‘क्लोज’ विसरणे अशक्य व्हावे, कारण काम यशस्वी होवो वा मध्येच विघ्न येवो, प्रवाह आपोआप मिटविला जातो. ही सुधारणा चांगली आहे आणि तिचा वापर व्हावयासच हवा. परंतु माझी खरी चिंता तिच्यापासूनच सुरू होते. कल्पना करा, की एका गावच्या खासरा पत्रकांचा गठ्ठा बांधताना तीनशेव्या पानाशी मूळ चित्र वाचता आले नाही म्हणून काम थांबले. प्रवाह आपोआप मिटविला जातो. मिटविताना तो इमानाने फेरिस्त लिहितो. आणि त्या फेरिस्तीत जेवढी पाने गेली तेवढ्यांचीच नोंद असते. गठ्ठा सुरळीत उघडतो, कोणतीही तक्रार करीत नाही, आणि त्यात पुढील सर्व पाने नसतात. मिटविले न गेलेले दफ्तर निदान आपण अपुरे आहोत हे ओरडून सांगते; अर्धवट लिहून मोर्तब झालेले दफ्तर पूर्णत्वाची खोटी साक्ष देते, आणि ही खोटी साक्ष त्या शेतकऱ्याच्या विरुद्ध जाते ज्याच्या आजोबांचे नाव तीनशे एकाव्या पानावर होते.

यावर उपाय आहे, आणि तो अवघडही नाही. गठ्ठा प्रथम तात्पुरत्या नावाने लिहावा. सर्व पाने विनाविघ्न गेली, ‘क्लोज’ स्वतः तक्रारीवाचून पार पडले, मग तोच गठ्ठा पुन्हा उघडून त्यातील प्रत्येक नोंद अखेरपर्यंत वाचावी, पडताळ्याचा अंक जुळतो का पाहावे, नोंदींची संख्या मूळ पुस्तकाच्या पानांच्या संख्येशी ताडून पाहावी, आणि हे सर्व झाल्यावरच त्यास अखेरचे नाव द्यावे. पानांची संख्या मात्र यंत्राने मोजलेली नसावी. कागद हातात घेऊन ती ज्याने मोजली त्या अभिलेखपालाच्या सहीची असावी. कारण यंत्र आपण जे लिहिले तेच मोजते. जे लिहावयाचे राहिले ते त्याला मोजता येत नाही.

नावांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. युनिकोडच्या रूढ मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे ‘माकणी’ हे नाव १५ बाइटांचे. जावा पूर्वीपासून हे बाइट नीट लिहीत असे, परंतु ते युनिकोडचे आहेत ही खूण जावा ७ पूर्वी शीर्षकात करीत नसे. त्यामुळे त्या काळचे देवनागरी नावांचे गठ्ठे इतर साधनांत उघडल्यास नावांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसू शकते. याहून गंभीर गोष्ट कप्प्यांच्या नावांची. ज्या गावाचा १९५४ चा कागद उस्मानाबाद जिल्ह्याचा आहे ते आज लातुरात असेल, आणि ज्याचे जिल्ह्याचे नाव २०२२ मध्ये उस्मानाबाद लिहिले त्याचे २०२४ मध्ये धाराशिव लिहिले जाईल. तेव्हा गठ्ठ्यातील मार्ग जिल्ह्याच्या नावावर न रचता गावाच्या स्थिर संकेतांकावर रचावा, आणि नावे, जुनी व नवी दोन्ही, सोबतच्या यादीत द्यावीत. कालाची नोंदही झिपच्या भरवशावर सोडू नये, कारण तिचे मूळ कालमापन १९८० पासून सुरू होते आणि दोन सेकंदांहून बारीक जात नाही. त्यात खासरा पत्रकाचे साल मावत नाही, मग फसली साल कोठून मावणार? ते कागदावर आहे तसेच यादीत उतरवावे.

एक गोष्ट महसूल खात्याने विशेष ध्यानात घ्यावी. नोंदीच्या पायाशी असलेला तो ३२ बिटांचा अंक अपघाताने झालेला बिघाड ओळखतो; हेतुपुरस्सर केलेला बदल ओळखण्याची शक्ती त्यात नाही, कारण बदल करणारा मनुष्य नवा अंकही लिहू शकतो. जमिनीच्या कागदात हेतू असणाऱ्यांची वाण नसते. म्हणून प्रत्येक गठ्ठ्याचा ‘शा-२५६’ पद्धतीचा ठसा काढून तो गठ्ठ्याबाहेर, छापील नोंदवहीत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात, असा दोन ठिकाणी ठेवावा. आणि गठ्ठे जिल्ह्याचे न बांधता गावाचे बांधावेत; म्हणजे एक बिघडला तर एका गावाचे काम पुन्हा करावे लागेल, आणि मूळच्या रचनेतील ६५,५३५ नोंदींची मर्यादा ओलांडण्याचा व ती ओलांडणारे गठ्ठे जुन्या साधनांत न उघडण्याचा प्रसंगही येणार नाही.

हे सारे मक्त्याच्या अटींत यावयास हवे. चित्रे घेण्याचे काम पानांच्या संख्येवर मोजले जाते आणि बिल त्याच मोजणीवर निघते. मग मक्तेदाराचे लक्ष पान घेण्याकडे राहावे यात त्याचा दोष थोडा आणि अटी लिहिणाराचा अधिक. बिल पानांवर न निघता, मिटवून, पुन्हा उघडून, अखेरपर्यंत वाचून ताडलेल्या गठ्ठ्यांवर निघाले पाहिजे, आणि तो ताळा मक्तेदाराने न करता तिसऱ्याने केला पाहिजे. तो कोणी करावा म्हणाल, तर याच जिल्ह्यात तुळजापूरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांना जावा शिकवितात, आणि स्वतःच्या तालुक्यांचे दफ्तर वाचून ताडण्याहून अधिक सार्थ असा अभ्यास त्यांच्यापुढे ठेवता येईल असे मला वाटत नाही.

राहिले ते पूर्वी बांधलेले गठ्ठे, जे कचेऱ्यांच्या तबकड्यांवर पडून असतील आणि ‘उघडत नाहीत’ म्हणून ज्यांवर कोणी काट मारली असेल. ते पुसून टाकण्याची घाई करू नये. फेरिस्त नसली तरी प्रत्येक नोंदीचे शीर्षक तिच्या जागी शाबूत असते. जावातीलच ‘झिपइनपुटस्ट्रीम’ हा वर्ग फेरिस्तीकडे न पाहता आरंभापासून एकेक शीर्षक वाचत पुढे जातो, आणि जेथे लेखन खंडित झाले तेथपर्यंतची बहुतेक पाने त्याच्या साहाय्याने बाहेर काढता येतात. ज्या कागदांची चित्रे त्यांत आहेत ते मूळ कागद दरम्यान आणखी जीर्ण झाले असतील, काही कसरीने खाल्ले असतील. तेव्हा हे काम नव्या मक्त्याची वाट न पाहता, त्या तबकड्या चालू अवस्थेत आहेत तोवर, प्रत्येक तहसिलीने हाती घ्यावे आणि निघालेली पाने नव्याने गावनिहाय बांधून अभिलेख कक्षात दाखल करावीत.