कल्पना जुनी, अडचणही जुनी



अनेक सॉफ्टवेअर एजंटांनी मिळून काम करणे ही अगदी अलीकडची कल्पना आहे, असे गेल्या अंकातील लेखात सुचवले आहे. ते बरोबर नाही.

कार्नेगी मेलन विद्यापीठात राज रेड्डी यांच्या पुढाकाराने 1970च्या दशकात ‘हिअरसे-2’ ही बोलणे ओळखणारी प्रणाली घडली. ध्वनी, शब्द, वाक्यरचना अशा एकेका अंगाचे जाणकार असलेले स्वतंत्र प्रोग्रॅम एकाच सामायिक फळ्यावर आपापले अंदाज मांडत आणि दुसऱ्यांच्या अंदाजांवर पुढचे काम करत. ते एकमेकांना थेट हुकूम देत नसत. एजंटांनी एकमेकांकडून जणू निविदा मागवून कामे वाटून घेण्याची रीड स्मिथ यांची पद्धतही 1980ची.

खरी अडचण लेखातून निसटली: वेगवेगळ्या स्रोतांतील माहितीचा अर्थ जुळवणे. 1999 मध्ये नासाने ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे मंगळाकडे पाठवलेले यान गमावले. तिथे असे एजंट नव्हते, पण एक प्रोग्रॅम पाउंड-सेकंदांत आकडे देत होता आणि दुसरा ते न्यूटन-सेकंद समजत होता. फरक जवळपास साडेचार पटींचा!

2024 मध्ये आलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल एआय प्रणालींची बाहेरच्या माहितीस्रोतांशी जोडणी सोपी करतो; अर्थाची हमी देत नाही. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत एकक, तारीख आणि मूळ स्रोत हवाच. अर्थ जुळवण्याच्या या बाजूवर संपादकांनी सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

– एक वाचक