कलेचे गुण

शास्त्रीय संगीत, नृत्य व चित्रकला यांच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावीच्या निकालात वाढीव गुण देण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ झाली आहे. शाळेत कलेला मान मिळावा, हा तिचा हेतू स्तुत्यच आहे.

पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि घराण्यांच्या उंबरठ्याआड राहिलेली विद्या सामान्य घरांतील मुलांना खुली केली. क्रमवार अभ्यासक्रम व परीक्षा ही त्या कार्याचीच साधने होत. त्यांना आज नावे ठेवणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु परीक्षा मोजते ते काय? यमनचे आरोह-अवरोह, वादी-संवादी, तालाच्या मात्रा विद्यार्थ्याला ठाऊक आहेत की नाहीत, एवढे ती निश्चित सांगते. त्याच यमनातील गंधारावर त्याचा स्वर कसा विसावला, हे तिला अंकांत मांडता येत नाही. आणि गुण पदरात पडताच तंबोरा खुंटीला टांगला जाणार असेल, तर ती परीक्षा कलेची नव्हे, टक्केवारीची झाली.

परीक्षा अवश्य राहाव्यात. मात्र परीक्षकांनी विचारावे थोडे आणि ऐकावे अधिक, असे आम्हांस वाटते. पालकांनीही अकरावीत गेलेल्या मुलाचा रियाझ चालू आहे काय, हे पाहावे. खरा निकाल तेथेच लागतो.