वरळीच्या कोळी बांधवांची वाट

प्रभादेवीच्या किनाऱ्यावर उभे राहिल्यास वरळी कोळीवाडा दिसतो. तेथील क्लीव्हलँड बंदरातून लहान होड्या खडकांमधून वाट काढीत समुद्रात जातात. सागरी किनारा मार्गाच्या दोन खांबांमध्ये ही वाट अवघी ६० मीटर उरणार होती. वाऱ्यात व भरतीच्या ओढीत होडी सरळ रेषेत चालत नाही, हे कोळी बांधव सांगत राहिले. त्यांची मागणी २०० मीटरची होती. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब वगळून १२० मीटर मान्य झाले. समुद्र जाणणाऱ्यांना हे आराखड्याच्या वेळीच विचारावयास हवे होते.

परंतु वाट मिळाली तरी मासळी हवी, आणि तिचा आसरा खडकांत असतो. वरळी व हाजी अली येथील खडकांवरील प्रवाळ २०२० मध्ये अन्यत्र हलविण्यात आले. उत्तरेकडून मिठी नदी शहराचे सांडपाणी माहीमच्या उपसागरात आणते, ते वेगळेच. मत्स्यसाठे घटल्याचा घाव लहान मच्छीमार समाजांवर विशेष बसतो, याकडे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात लक्ष वेधले आहे. मोठी नौका दूरच्या पाण्यात जाऊ शकते, कोळीवाड्याची होडी नाही. म्हणून नुकसानभरपाई ठरविताना बुजलेले खडकही हिशेबात धरावेत, असे आम्हांस वाटते.