मूळ फाईल पुसू नका

लग्नाच्या, मेंदीच्या, मलिद्याच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी आता घरोघरी डिजिटल होताहेत. तासाभराची डीव्ही फाईल साधारण 13 जीबीची भरते. ती फोनवर कशी पाहणार? लहान करावीच लागते, जरूर करा. हँडब्रेक हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. एमपी4 आणि एच.264 निवडा, डीइंटरलेस चालू ठेवा (नाहीतर कुणी हात हलवला की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात). 576 ओळींचं चित्र ओढून 1080 करू नका. फाईल फुगते, चेहरा काही जास्त स्पष्ट होत नाही.

माझं भांडण लहान करण्याशी नाही, मोठी पुसण्याशी आहे. लहान करताना प्रोग्रॅम बारकावे टाकून देतो, आणि टाकलेलं परत येत नाही. वॉर्डात आम्ही पेशंटला कॉपी द्यायचो, मूळ कागद आमच्याकडेच राहायचा.

आमच्या भाच्यानं 1991च्या मलिद्याची फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल एवढी बारीक केली आणि "मावशी, जागा अडते गं" म्हणत मोठी पुसली. कॅसेटला तोवर बुरशी लागली होती. आता माझी आजी कीर्तन म्हणताना दिसते, पण शब्द कळत नाहीत. तिनं ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं, आणि आमच्यात ते येणारं आता कुणी उरलेलं नाही.

दोन हार्डडिस्क घ्या, एक मुलीच्या घरी ठेवा. मेंदीच्या फुलांवर याहून जास्त खर्च होतो.

भाच्याला मी रागावले नाही. बाकीच्या कॅसेटी मात्र माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे.